आई-बाबांना कुठे ‘ठेवायचं’? हा प्रश्नच चुकीचा आहे

गेल्या महिन्यातली गोष्ट. एक्क्याऐंशी वर्षांच्या एक काकू बाथरूममध्ये घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, वॉकर धरून त्यांनी चार पावलंही टाकली आणि आठव्या दिवशी डिस्चार्जची वेळ आली. वॉर्डच्या बाहेर घरच्यांची बैठक भरली. मुलगी टोरांटोहून आलेली, तिचं परतीचं तिकीट सहा दिवसांनी. मुलगा बंगळुरूला, त्याच्या घरी दिवसभर कुणी नसतं. पुतण्या पुण्यातला, म्हणून सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे आणि त्याचं लक्ष मोबाईलकडे. मी राउंडला पोहोचलो तसा प्रश्न आला, “डॉक्टर, आता आईला कुठे ठेवायचं?”

दार अर्धवट उघडं होतं. मी आत गेल्यावर काकूंनी विचारलं, “काय ठरलं माझं बाहेर?”

हा संवाद मी गेली पंचवीस वर्षं ऐकतो आहे. माणसं बदलतात, शहरं बदलतात, क्रियापद तेच राहतं. ठेवायचं. आपण गाडी ठेवतो, दागिने लॉकरमध्ये ठेवतो. माणूस राहतो. ज्या दिवशी ‘आई कुठे राहणार’ऐवजी ‘आईला कुठे ठेवायचं’ असं आपण म्हणू लागतो, त्या दिवशी आईचं मत विचारायची गरज आपल्यापुरती संपलेली असते.

आजचा लेख थोडा कडक आहे. मुलांना, बिल्डरांना, सरकारला आणि साठी-सत्तरीच्या माझ्या पेशंटांना, सगळ्यांनाच यात बोल लावणार आहे. मीही त्यातून सुटलेलो नाही, ते पुढे येईलच. पण आधी समजून घेऊ की पर्याय नेमके कोणते आहेत.

एकाच शब्दात पाच गोष्टी कोंबल्या आहेत

आपल्याकडे घराबाहेर म्हातारपण काढण्याच्या प्रत्येक सोयीला एकच नाव आहे: वृद्धाश्रम. हे म्हणजे दवाखाना, आयसीयू आणि औषधाचं दुकान या सगळ्याला ‘हॉस्पिटल’ म्हणण्यासारखं झालं. प्रत्यक्षात या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

१. स्वतःच्याच घरी, मदत घेऊन. स्वयंपाकाच्या ताई, दिवसाची किंवा चोवीस तासांची केअरटेकर, गरजेप्रमाणे घरी येणारे फिजिओथेरपिस्ट आणि नर्स. आजही बहुसंख्य लोकांसाठी हाच मार्ग आहे आणि नीट आखला तर तो उत्तम आहे.

२. स्वतंत्र ज्येष्ठ निवास, म्हणजे ज्याला जाहिरातीत ‘इंडिपेंडंट सीनियर लिव्हिंग’ म्हणतात. तुमचा स्वतःचा फ्लॅट, विकत घेतलेला किंवा डिपॉझिट भरून अथवा भाड्याने घेतलेला. दाराला तुमचं कुलूप. सोबत सामाईक भोजनगृह, साफसफाई, लिफ्ट, सुरक्षा, आजूबाजूला समवयस्क माणसं. पुण्यात अथश्रीसारखे प्रकल्प वीसएक वर्षांपासून आहेत.

३. असिस्टेड लिव्हिंग. इथे आंघोळ, कपडे, औषधं, चालणं यांत रोज मदत मिळते. खोली तुमची, पण दिवसाची घडी संस्थेच्या माणसांच्या हातात.

४. नर्सिंग केअर आणि स्मृतिभ्रंश केंद्र. बिछान्याला खिळलेले, नाकातून नळी असलेले, कॅथेटर असलेले किंवा डिमेन्शियामुळे घराबाहेर निघून जाणारे रुग्ण. इथे रात्रीही प्रशिक्षित माणूस जागा हवा.

५. धर्मादाय वृद्धाश्रम. ज्यांना कुणी नाही किंवा ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्यासाठी. पुण्यातली ‘निवारा’ ही संस्था तर एकोणिसाव्या शतकातली आहे. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ती उभी राहिली. म्हणजे घराबाहेरचं म्हातारपण हे अमेरिकेतून कालपरवा आलेलं खूळ नाही.

आता दुसऱ्या प्रकारातला ‘स्वतंत्र’ हा शब्द पुन्हा वाचा. गोंधळ तिथेच होतो. तिथे राहणारा माणूस स्वतंत्रपणे राहू शकतो, हे त्या जागेचं गृहीतक आहे. तिथे तुमच्या आईला कुणी आंघोळ घालणार नाही. लघवीला रात्री चार वेळा उठावं लागत असेल तर कुणी हात धरायला येणार नाही. अशी जागा म्हणजे म्हातारपण सोपं करणारं घर. ते हॉस्पिटल तर नाहीच, शुश्रूषा केंद्रही नाही.

वय विचारू नका, हे विचारा

कुठली जागा योग्य, हे वयावरून ठरत नाही. माझे एक अठ्ठ्याऐंशी वर्षांचे पेशंट रोज स्वतः भाजी आणतात आणि एक अडुसष्ट वर्षांच्या बाई पक्षाघातानंतर घास तोंडापर्यंत नेऊ शकत नाहीत. आम्ही डॉक्टर दोन याद्या वापरतो.

पहिली यादी शरीराच्या रोजच्या गोष्टींची: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून उठणं, मलमूत्रावर ताबा, स्वतःच्या हाताने जेवणं. अशा सहा गोष्टी.

दुसरी यादी संसाराच्या गोष्टींची: फोन करणं, खरेदी, स्वयंपाक, घर आवरणं, कपडे धुणं, बाहेर एकट्याने जाणं-येणं, स्वतःची औषधं वेळेवर घेणं, पैशाचे व्यवहार. अशा आठ गोष्टी.

दोन्ही याद्यांत सगळं जमत असेल तर तुमच्यापुढे सगळे पर्याय खुले आहेत. दुसऱ्या यादीतल्या दोन-तीन गोष्टी सुटू लागल्या असतील, तर घरी मदत किंवा स्वतंत्र ज्येष्ठ निवास यांचा विचार करायची हीच वेळ. पहिल्या यादीतल्या दोन गोष्टींना रोज माणूस लागत असेल, तर स्वतंत्र निवासाची वेळ निघून गेलेली आहे. तिथे फ्लॅट घेणं म्हणजे पैसे पाण्यात. आणि औषधं घेतली की नाही हेच आठवत नसेल, गॅस चालू राहत असेल, तर आधी जागा शोधू नका, स्मृतीची तपासणी करून घ्या. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातल्या कितीतरी जणांना घरचे ‘वयोमानाने विसरतात’ म्हणून सोडून देतात.

एक साधी चाचणी घरीच करा. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने तीन मीटर चालायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं समजा आणि डॉक्टरांना भेटा. चाचणी करताना शेजारी कुणीतरी उभं राहायला हवं. पासष्टीच्या पुढच्या साधारण तिघांपैकी एक जण दरवर्षी एकदा तरी पडतो. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांपैकी पाचातला एक जण तरी वर्षभरात दगावतो. हाड जुळतं. पण बिछाना, न्यूमोनिया, घटलेले स्नायू आणि खचलेलं मन माणसाला घेऊन जातात.

‘आमच्या घरात असलं चालत नाही’

हे वाक्य मला सर्वांत जास्त ऐकू येतं आणि ते म्हणणाऱ्या मुलांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण त्याचा अर्थ तपासून बघू.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारतीयांचं सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं. आज ते सत्तरच्या घरात आहे. ज्या एकत्र कुटुंबाच्या आठवणी आपण काढतो, त्यात आजोबा आजारी पडले तर महिन्या-दोन महिन्यांत जात. दहा-दहा वर्षं पार्किन्सन्स, पक्षाघात, डिमेन्शिया यांच्यासह जगणारी माणसं त्या घरांनी फारशी पाहिलीच नव्हती. आणि जी पाहिली, त्यांचं कोण करत होतं? घरची सून. तिला कुणी विचारलं नव्हतं, पगार नव्हता, रविवार नव्हता. ज्याला आपण संस्कृती म्हणतो त्यातलं बरंचसं काम एका बाईच्या कंबरड्यावर उभं होतं. आज ती बाई सकाळी आठ वाजता कामावर निघते. तिने नोकरी सोडावी असं म्हणायचं असेल तर तसं उघड म्हणा. ‘संस्कृती’ हा शब्द मध्ये आणू नका.

मग ‘घरीच ठेवलं’ म्हणजे प्रत्यक्षात काय होतं? तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, जुनी इमारत, लिफ्ट नाही. ब्युरोने पाठवलेली एक मुलगी, जिला परवापर्यंत साडीच्या दुकानात काम होतं. ब्युरो तिला ‘नर्स’ म्हणतो. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, जीएनएमचा तीन वर्षांचा. तिच्याकडे यांतलं काही नाही, आणि यात तिचा दोष नाही. दर दीड महिन्याने ती बदलते. आजोबा सकाळपासून टीव्हीसमोर. बोलायला कुणी नाही, ऐकायचं यंत्र कपाटात. रात्री मुलगा व्हिडिओ कॉलवर विचारतो, “बाबा, जेवलात का?” बाबा म्हणतात, “हो.” समाजात मुलाची मान ताठ असते, कारण बाबा ‘घरी’ आहेत.

एकटेपणा, न ऐकू येणं आणि न दिसणं ही तिन्ही डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांच्या यादीत आहेत. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने तशी चौदा कारणं दिली आहेत. भिंती आपल्याच आहेत म्हणून एकटेपणाचा त्रास कमी होत नाही.

आता माझं सांगतो. माझे वडील शाळामास्तर. आई गेल्यावर ते गावी एकटेच राहत होते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते एकदा पुण्याला आले तेव्हा त्यांनी खिशातून एक माहितीपत्रक काढलं. त्यांचे दोन जुने सहकारी एका ज्येष्ठ निवासात राहायला गेले होते, तिथलं. म्हणाले, “जाऊन बघून येऊ का?” मी हसलो. म्हणालो, “नाना, मुलगा एमडी डॉक्टर आणि बाप आश्रमात? लोक काय म्हणतील?” त्यांनी कागदाची घडी घातली आणि परत खिशात ठेवली. पुन्हा तो विषय काढला नाही. मी त्यांना माझ्या घरी आणलं. गावातलं वाचनालय सुटलं, ज्येष्ठ नागरिक संघाचा कट्टा सुटला, पारावरची संध्याकाळ सुटली. आम्ही दोघं नवरा-बायको दिवसभर दवाखान्यात. वर्षभरात ते खाली उतरेनासे झाले. त्यांचं रक्तदाब, साखर सगळं उत्तम होतं, मीच तर बघत होतो. लोक मला आदर्श मुलगा म्हणत होते.

म्हणून कुणी मला ‘आमच्या घरात चालत नाही’ म्हटलं की मी विचारतो, कुणाच्या घरात? ज्यांना राहायचं आहे त्यांना विचारलंत का?

ब्रोशरमधला हिरवागार लॉन

आता दुसरी बाजू. ज्येष्ठ निवास हा आज धंदा आहे आणि धंद्यात जाहिरात असते. जाहिरातीत एक चांदीच्या केसांचं जोडपं लॉनवर हसत योगासनं करत असतं. ते जोडपं पासष्टचं आहे. तुम्ही जागा घेताय ती पंच्याऐंशीसाठी. पंच्याऐंशीचा फोटो त्या पुस्तिकेत का नाही, हे त्यांना जरूर विचारा.

‘डॉक्टर ऑन कॉल’ या तीन शब्दांचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो की भिंतीवर एक फोन नंबर लिहिलेला आहे. ‘चोवीस तास वैद्यकीय मदत’ म्हणजे कधी एक नर्स असते, कधी फक्त वॉचमन आणि रुग्णवाहिकेला फोन. यात फसवणूक असेलच असं नाही. पण तुम्ही जे समजता आणि ते जे देतात, त्यात अंतर आहे. ते अंतर रात्री अडीच वाजता कळतं.

कायद्याने किती संरक्षण आहे? महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना नियम घालून दिले. व्हीलचेअर जाईल असे किमान ९०० मिलिमीटर रुंदीचे दरवाजे, लिफ्ट, उतार, न घसरणाऱ्या फरश्या, न्हाणीघरात धरायला दांड्या. या तरतुदी विक्री करारात यायला हव्यात. चांगलं पाऊल आहे. पण हे नियम मुख्यतः इमारतीचे आहेत. त्या इमारतीत रात्री किती माणसं ड्युटीवर असतील, त्यांचं शिक्षण काय असेल, आणि तुम्हाला डिमेन्शिया झाला तर तुम्हाला राहू देतील की ‘घेऊन जा’ म्हणतील, हे तुमच्या करारात लिहिलेलं असेल तेवढंच खरं.

पैशाचं गणितही करून बघा. समजा आज महिन्याचा सेवाखर्च ४० हजार आहे आणि तो दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढतो. दहा वर्षांनी तो ८६ हजार होतो, पंधरा वर्षांनी सव्वा लाखाच्या वर जातो. तुमची पेन्शन किंवा ठेवींचं व्याज त्या वेगाने वाढतं का? फ्लॅटची किंमत सगळे विचारतात, वाढत जाणारा महिन्याचा खर्च फार थोडे लोक विचारतात. आणि माणसाला जागा सोडावी लागते ती याच खर्चापायी.

आता तुम्हाला, काका आणि काकू

मुलांना बोलणं सोपं आहे. पण माझे साठी-सत्तरीतले पेशंट काय करतात? “आम्ही अजून धडधाकट आहोत, बघू नंतर.” अहो, धडधाकट आहात म्हणूनच आत्ता बघायचं. नवी जागा अंगवळणी पडायला, नवे मित्र जोडायला, वाट पाठ व्हायला डोकं आणि पाय दोन्ही शाबूत लागतात. सत्तरीत जागा बदलणारा माणूस घर बदलतो. पंच्याऐंशीत हॉस्पिटलमधून थेट नव्या जागी नेलेला माणूस गांगरतो, दिवस-रात्रीचं भान सुटतं आणि सगळे म्हणतात, “तिथे नेलं म्हणून असं झालं.” तिथे नेलं म्हणून नाही, उशिरा नेलं आणि न विचारता नेलं म्हणून.

दुसरी चूक घराची. ‘नटसम्राट’ बघून आपण सगळे डोळे पुसतो आणि मुलं कशी कृतघ्न असतात हे घेऊन घरी येतो. मी त्या नाटकातून वेगळा धडा घेतला. आप्पासाहेब बेलवलकरांनी सगळं आधीच वाटून टाकलं होतं. जिवंतपणी घर, ठेवी, सगळं मुलांच्या नावावर करून मोकळं होऊ नका. मृत्युपत्र करा, ते तुमच्यानंतर लागू होतं. तरीही बक्षीसपत्र करायचंच असेल, तर २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याचं कलम २३ वकिलाकडून समजून घ्या. घेणाऱ्याने तुमची मूलभूत काळजी घ्यावी ही अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असली, आणि ती पाळली गेली नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकतं. अट तोंडी राहिली तर भांडण लांबतं.

राहतं घर हीच तुमची सर्वांत मोठी ठेव असेल, तर ते भाड्याने देणं, विकून छोटं घेणं किंवा २००७ पासून उपलब्ध असलेली रिव्हर्स मॉर्गेज योजना, यांचा विचार करायला लाज कसली? घर मुलांसाठी राखून ठेवायचं आणि स्वतः डायपरचा खर्च वाचवत बसायचं, हा त्याग मुलांनी मागितलेला नसतो.

तिसरी गोष्ट इच्छापत्राची. शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर हवा की नको, हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे ते करता येतं. कुठे राहायचं हे ठरवता तसं कसं जायचं हेही बोलून ठेवा.

सरकार आणि विमा कंपन्या

‘आमचा मेडिक्लेम आहे ना’ असं समजून निर्धास्त असाल तर पॉलिसीतली वगळलेल्या खर्चांची यादी काढा. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित वगळण्यांत पाचव्या क्रमांकावर हेच आहे. आंघोळ, कपडे, हिंडणं-फिरणं यासाठी लागणारी शुश्रूषा, घरी असो की केंद्रात, प्रशिक्षित नर्सने केलेली असो की साध्या मदतनिसाने, तिचा खर्च मिळत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सर्वांना आयुष्मान भारतचं कार्ड मिळू लागलं, उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण. ते जरूर काढून घ्या. पण ते हॉस्पिटलात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. म्हणजे खुब्याच्या ऑपरेशनचे पैसे मिळतील. त्यानंतर सहा महिने चालतं करणाऱ्या माणसाचे मिळणार नाहीत. मोडलेल्याची सोय आहे, सावरण्याची नाही.

त्याच २००७ च्या कायद्यात कलम १९ आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम राज्य सरकार स्थापन करू ‘शकेल’. ‘करील’ नाही, ‘शकेल’. या एका क्रियापदात सगळं आलं. तुमच्या जिल्ह्यात तो कुठे आहे, हे ज्येष्ठ नागरिक संघाने माहितीच्या अधिकारात विचारलं पाहिजे. निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्यांना मोफत तीर्थयात्रेपेक्षा दोन गोष्टी मागा: प्रत्येक प्रभागात दिवसाचं विरंगुळा व शुश्रूषा केंद्र, आणि पैसे घेऊन शुश्रूषा देणाऱ्या प्रत्येक जागेची व ब्युरोची सक्तीची नोंदणी व तपासणी. पाणीपुरीच्या गाडीलाही नोंदणी लागते. आपल्या आईच्या तोंडात औषध घालणाऱ्याला का नको?

परवडत नसेल तर?

हा लेख वाचून कुणी म्हणेल, डॉक्टर, हे सगळं पैसेवाल्यांचं. बरोबर आहे. बहुतेक घरांना महागडा ज्येष्ठ निवास परवडणार नाही आणि परवडायलाच हवा असंही नाही. पण घरालाच ‘सीनियर लिव्हिंग’ करता येतं आणि त्यातलं बरंचसं स्वस्त आहे.

- संडास-बाथरूममध्ये दोन मजबूत दांड्या, न घसरणारी चटई, उंच कमोड.
- पलंग ते संडास या वाटेवर रात्रभर मंद दिवा. वाटेत पायपुसणी आणि वायर नको.
- दाराची कडी बाहेरूनही उघडेल अशी. पडलेला माणूस आतून कडी काढू शकत नाही.
- वर्षातून एकदा सगळ्या औषधांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा. झोपेच्या आणि काही रक्तदाबाच्या गोळ्यांनी माणसं पडतात. कमी करता येतात का विचारा. स्वतःहून बंद करू नका.
- डोळे आणि कान तपासा. ऐकायचं यंत्र कपाटात ठेवण्यासाठी नसतं.
- शेजारच्या एका घरात किल्ली आणि रोज सकाळी एक ठरलेला फोन.
- १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात.

जागा बघायला जाताल तेव्हा

रविवारी सकाळी अकराला जाऊ नका. संध्याकाळी सातनंतर, न सांगता जा. कार्यालयात न बसता जेवणघरात बसा आणि तिथल्या माणसांशी बोला. मग हे प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या:

- रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात किती माणसं असतात, त्यांचं शिक्षण काय?
- मागच्या वेळी कुणी पडलं तेव्हा काय झालं? किती वेळात हॉस्पिटलात पोहोचले?
- मी अंथरुणाला खिळलो किंवा विसरभोळा झालो तर मला इथेच राहता येईल का? त्याचे जादा पैसे किती?
- आमच्यापैकी एक गेलं तर दुसऱ्याचं काय?
- सोडून जायचं ठरवलं तर डिपॉझिट किती दिवसांत, किती कापून मिळेल?
- बिल्डर गेल्यावर भोजनगृह आणि सेवा कोण चालवणार?

सही करण्याआधी महिनाभर राहून बघायची सोय मागा. जी जागा महिनाभर राहू देत नाही, तिथे पंधरा वर्षं काढायचा करार करू नका.

आणि एक स्पष्ट सांगतो. प्रत्येकाने घर सोडावं असं माझं म्हणणं नाही. तळमजल्यावरचं घर आहे, शेजार चांगला आहे, मदतीला कायमचं माणूस आहे आणि तुम्हाला तिथेच राहायचं आहे, तर कुणाच्याही जाहिरातीला भुलू नका. नुकताच जोडीदार गेला असेल, तर वर्षभर तरी कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका. जागा कुठलीही असो, ती कुणी निवडली हे महत्त्वाचं.

त्या काकूंचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. मी त्या बैठकीला वॉर्डच्या आत बोलावलं. खुर्च्या काकूंच्या पलंगाभोवती मांडल्या. काकू पहिली पाच मिनिटं गप्प होत्या. मग म्हणाल्या, सहा आठवडे जिथे व्यायाम करून घेतात अशा केंद्रात राहीन, पण माझ्या घराचं कुलूप कुणी विकायला काढायचं नाही. चालता आलं तर घरी जाईन. नाही आलं तर माझी मैत्रीण राहते तिथे जाऊन बघेन, पण बघायला मी स्वतः जाईन. मुलीने तिकीट दहा दिवस पुढे ढकललं. काकू सध्या त्या केंद्रात आहेत, काठीवर आल्या आहेत. पुढे काय होईल हे त्यांचे गुडघे ठरवतील आणि त्या ठरवतील.

वाचणारे मुलगा-मुलगी असाल, तर येत्या रविवारी आई-बाबांना एवढंच विचारा, “पुढे तुम्हाला कसं राहायला आवडेल?” आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. वाचणारे स्वतःच सत्तरीचे असाल, तर कुणी विचारण्याची वाट बघू नका. एका कागदावर लिहा, मुलांना वाचून दाखवा. आणि खिशात माहितीपत्रक असेल, तर कुणी हसलं म्हणून त्याची घडी घालून परत ठेवू नका.